हसेबा

हसेबा : पेसाह सणाच्या पहिल्या रात्री, आणि इस्राएलबाहेर पहिल्या दोन रात्री, होणाऱ्या सेदेर या विधिभोजनात डावीकडे रेलून खाण्या-पिण्याची ज्यू प्रथा. गरिबातल्या गरीब इस्राएलीनेही रेलल्यावाचून जेवू नये, असे मिश्ना ही प्राचीन ज्यू धर्मसंहिता सांगते. ग्रीक-रोमन जगात स्वतंत्र माणूस मेजवानीला आसनावर पहुडे आणि गुलाम उभा राहून वाढी. मिसरच्या गुलामीतून सुटलेल्यांनी त्या रात्री धन्यासारखे बसावे, हा यातला आशय. उजवा हात जेवायला मोकळा हवा, म्हणून डावी बाजू. चार पेले द्राक्षरस आणि बिनखमिराची भाकरी रेलून घेतात. गुरूसमोर शिष्याला मात्र रेलण्याची गरज नाही, असे मिश्नावरील चर्चाग्रंथ तालमूद म्हणतो.

पहुडून जेवण्याची रीतच उरली नाही, तर तिचे सोंग कशाला, असा आक्षेप मध्ययुगीन जर्मनीतील राबी एलिएझेर बेन योएल हालेवी यांनी घेतला होता. तो वजनदार आहे, पण मिश्नातच त्याचे उत्तर सापडते. मुलाने विचारायच्या प्रश्नांच्या तिथल्या यादीत भाजलेल्या मांसाचा प्रश्न आहे, रेलण्याचा नाही. जी गोष्ट प्रत्येक मेजवानीत दिसते तिच्याबद्दल मूल विचारील कशाला? जेरुसलेमचे मंदिर पडल्यावर बलीचे मांस गेले, पुढे पहुडण्याची रीतही मागे पडली, आणि मगच ‘आज सगळे रेलून का?’ हा प्रश्न हागादात, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीत, आला. म्हणजे रीत अनोळखी झाली तेव्हाच ती बोलू लागली.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल या ज्यू समाजाचे उदाहरण या मताला बळ देते. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम न करणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’चा हिब्रू ग्रंथांशी दीर्घकाळ संबंध नव्हता. त्यांचा पेसाह हा ‘अनाशी धाकाचा सण’, म्हणजे आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्याचा सण होता. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी त्याची नोंद केली आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हागादा छापली गेली. पुण्याच्या प्रतीत लुगडे नेसलेल्या बाया भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. रेलण्याचा नियम पुस्तकातून आला म्हणून तो उपरा, असे कोणी म्हणेल. परंतु मराठी घरात पानावर मांडी घालून ताठ बसायचे असते. टेकून जेवणाऱ्या मुलाला बोलणी बसतात. उलट लोड-तक्क्याला टेकणे ही गादीवरच्या धन्याची, सावकाराची बैठक. रोमन आसन न पाहिलेल्या मराठी मुलालाही त्या रात्रीचा उलटा प्रकार चटकन खटकावा आणि कळावाही, अशी ही पार्श्वभूमी आहे. युरोपातल्या खुर्चीवर उशी ठेवून जे साधावे लागते, ते इथे तक्क्यात आयतेच आहे.

सेदेरमधली कडू भाजी मात्र रेलून खाण्याचा नियम नाही. ती गुलामीची आठवण आहे.