रविवार कशासाठी मिळवला?

‘प्रपंचातून सवडच मिळत नाही, मग देवाधर्माकडे लक्ष कधी द्यायचे?’ हा प्रश्न मी युनियनच्या कचेरीत पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे. प्रश्न खोटा नाही. म्हणून त्याचे उत्तर उपदेशात न शोधता आपण आपल्याच इतिहासात शोधू.

पहिले उत्तर तेराव्या शतकातले. अरणच्या सावता माळ्यांनी मळा सोडून पंढरी गाठण्याचा अट्टहास केला नाही. भाजीच्या वाफ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. १२९५ साली अरणलाच त्यांनी देह ठेवला. त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही. विठोबाचीच पालखी अरणला येते. काम हेच भजन, असा बोध आपण यातून घेतो आणि तो बरोबरच आहे. पण एक गोष्ट विसरतो. सावतोबांची मोट त्यांच्या हाती होती. बैल केव्हा सोडायचे आणि झाडाखाली घटकाभर केव्हा टेकायचे, हे ते स्वतः ठरवीत.

गिरणी आली आणि नेमके हेच गेले. १८५४ साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन झाली. पुढे कोकणातून आणि देशावरून हजारो माणसे परळ-गिरगावच्या चाळींत येऊन राहिली. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसायला बोलावणे यायचे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, त्याही फक्त मुलांना. ज्याच्या कानांत दिवसभर साच्यांचा खडखडाट, त्याला ‘कामातच देव पाहा’ म्हणून सांगणे सोपे. पण सांगणाऱ्याने एक दिवस साच्यावर उभे राहून पाहावे!

जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे दुःख जवळून पाहिले होते, ते स्वतः गिरणीत नोकरीला होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या वाचण्यासारख्या आहेत : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जखमी झालेल्यास साहाय्य. पगारवाढीची मागणी त्यांत नाही. पोट अर्धे असतानाही या माणसांनी पैशाच्या आधी वेळ मागितला!

२४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन स्त्री-कामगारही तीत बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती पक्की झाली. रविवार हा साहेबाच्या चर्चचा दिवस खरा, पण तो आमच्या खंडोबाचाही वार आहे. १८९७ साली प्लेगने लोखंड्यांचा अंत झाला.

आता माझी चूक सांगतो. एका कारखान्यात सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावीत, पण जादा मजुरी देत नसत. आम्ही भांडलो आणि दुप्पट दर मिळवला. गुलाल उधळला. एक म्हातारा फिटर, माळकरी, मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘दादा, भाव चांगला आणलात. पण विकला आमचा रविवारच ना?’’ मी निरुत्तर झालो. दुप्पट मजुरी हा हक्क होता, त्यात शंका नाही. पण ती मिळाल्यावर रविवार कोणी परत मागितलाच नाही. मीही नाही.

मंडळी, सवड मिळत नाही हे पूर्वी पूर्ण खरे होते. आज ते अर्धेच खरे आहे. ज्यांना अजून सुट्टी नाही, त्यांच्यासाठी लढणे हेच आपले धर्मकार्य. पण ज्यांना ती आहे, त्यांनी ती जादा कामाला, बाजाराला आणि हातातल्या मोबाइलला देऊन टाकण्यापूर्वी त्या ५,५०० सह्या आठवाव्यात. त्यांतल्या कित्येकांना आपले नावही लिहिता येत नसेल. पण एक दिवस आपल्या जिवासाठी हवा, एवढे त्यांना कळत होते.