शिकागो विद्यापीठांतील फुटबॉलचा अस्त

शिकागो विद्यापीठानें अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल सोडला तो पराभवांमुळें, हा समज आम्हांस अपुरा वाटतो. १८९२ मध्यें अध्यक्ष हार्पर यांनीं स्टॅग यांस आणिलें तेंच प्राध्यापकाच्या दर्जानें. खेळ हें शिक्षणाचें अंग होय, ही मान्यता त्या नेमणुकींतच होती. १९२९ मध्यें अध्यक्षपदीं आलेल्या हचिन्स यांस नेमकी तीच अमान्य होती. वृद्ध स्टॅग १९३२ च्या हंगामानंतर गेले. तरीहि पुढें हाइझमन नांवानें प्रसिद्ध झालेला पुरस्कार १९३५ मध्यें प्रथम मिळाला, तो येथीलच बर्वॅंगर यांस! १९३९ मध्यें मिशिगननें ८५–० असें हरविलें, हें केवळ निमित्त. त्याच डिसेंबरांत खेळ बंद झाला. ओस पडलेल्या स्टॅग मैदानाच्या पश्चिम प्रेक्षामंचाखालीं २ डिसेंबर १९४२ रोजीं फेर्मी प्रभृतींनीं अणुविभाजनाची स्वयंपोषी शृंखलाक्रिया प्रथम साधिली. विद्यापीठाचा अधिकृत संघ पुनः उतरला तो १९६९ मध्यें.