इकोसिस्टमच्या गावाला जाऊन

ऑफिसात दिवसातून दहा वेळा तरी 'इकोसिस्टम' हा शब्द कानावर पडतो. अँड्रॉइडची इकोसिस्टम, पेमेंटची इकोसिस्टम... परवा तर एकाने चक्क 'चहाच्या टपरीची इकोसिस्टम' म्हटलं. हा शब्द पहिल्यांदा छापला आर्थर टॅन्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने, १९३५ साली. (त्याला तो सुचवला होता रॉय क्लॅपम या तरुण सहकाऱ्याने. ज्युनियरचं काम आणि सीनियरचं नाव, चालायचंच!)

तर इंग्लंडात कामासाठी होतो तेव्हा एका वीकांताला या टॅन्स्लीची लाडकी जागा गाठली. ससेक्समधल्या चिचेस्टर गावाजवळची किंग्ली व्हेल. तिथली जमीन म्हणजे अक्षरशः खडू. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर लाखो वर्षं साचून झालेला. खडूचं हे युग संपत आलं तेव्हाच, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे लाव्हा वाहून सह्याद्रीचा काळा पाषाण तयार होत होता. काळ्या दगडावर वाढलेल्या माणसाला बुटाला पांढरा चिखल लागलेला बघून गंमत वाटते.

पायथ्याशी 'यू' नावाच्या झाडांचं जुनं जंगल आहे. आत शिरलं की भर दुपारी अंधार. खाली गवताचं पातंही नाही, नुसती पिळवटलेली तांबूस खोडं. कुणी म्हणतं ती दोन हजार वर्षांची आहेत, कुणी म्हणतं पाचशेच्या आसपासची. खोडं आतून पोकळ, त्यामुळे वर्तुळं मोजायची सोय नाही. याच लाकडाची इंग्रजांची लांब धनुष्यं व्हायची. लाकूड इतकं कमी पडू लागलं की १४७२ साली कायदाच झाला: बंदरात येणाऱ्या जहाजाने दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणायच्या. म्हणजे इंपोर्ट ड्यूटी, पण काठ्यांत!

असो. माझी खरी विकेट पडली ती वरच्या गवताळ उतारावर. तिथे काही स्वयंसेवक काटेरी झुडपं आणि कोवळी झाडं तोडत होते. राखीव क्षेत्रात झाडतोड? न राहवून एका आजोबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "खाली वाकून बघा."

वाकलो. घोट्याएवढं गवत, त्यात इवली इवली फुलं, रानथाइमचा वास, निळी फुलपाखरं. अशा एका चौरस मीटरमध्ये चाळीसच्या आसपास जातींच्या वनस्पती सापडू शकतात. आणि हे सगळं टिकलं ते शतकानुशतकं मेंढ्या चरल्या म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेतीत मंदी आली आणि मेंढपाळी घटली, तेव्हा गवत खुरटं ठेवायचं काम सशांनी केलं. ते ससेही मूळचे नव्हेत, नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणलेले. मग १९५३ मध्ये मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये आला. पिकं वाचतात म्हणून लोकांनी तो मुद्दाम पसरवलासुद्धा. दोनेक वर्षांत बहुतेक ससे मेले. गवत माजलं, पाठोपाठ झुडपं आली आणि सावलीत ती फुलं गेली.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या 'नेचर कॉन्झर्व्हन्सी'चा टॅन्स्ली पहिला अध्यक्ष. किंग्ली व्हेल १९५२ मध्ये राखीव झालं, म्हणजे ससे मरायच्या जेमतेम वर्षभर आधी. कुंपण घालून स्वस्थ बसलं तर जे वाचवायचं तेच हातचं जातं, हे लगेचच दिसून आलं. टॅन्स्ली स्वतः १९५५ मध्ये गेला. उतारावर त्याच्या स्मरणाचा दगड आहे. त्याला टेकून मी डबा उघडला, आणि पोळी-भाजी खाता खाता एक जुनी गोष्ट आठवून घास अडकला.

काही वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका माळावर आम्ही टीम मिळून वृक्षारोपण केलं होतं. माळ 'ओसाड' आहे असं आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्हालाही ते पटलं होतं. एका रविवारात शेकडो खड्डे. टी-शर्ट, समोसे, ग्रुप फोटो. खड्डे खणताना गवतातून चंडोल उडत होते, तेव्हा ते जमिनीवरच घरटं करतात हे माझ्या गावीही नव्हतं.

रात्री हॉटेलवर तो फोटो शोधून काढला. आम्ही सगळे फावडी उंचावून उभे आहोत. मागे गुडघ्याएवढं सोनेरी गवत आहे आणि डाव्या कोपऱ्यात, अर्धा कापला गेलेला, मेंढ्यांचा कळप.