अकरा हंगामांतला एक आपला

गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक खाली काढली. "कागदांना वाळवी लागली तर मग माझ्या नावानं ओरडू नका," असं आमच्या सौ. दोन वर्षं सांगत होत्या. ट्रंकेत जुन्या दैनंदिन्या, निरोप समारंभाचे फोटो आणि तळाशी एक दोनशे पानी वही निघाली. वहीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'राष्ट्रीय फुटबॉल लीग, २००५-०६'. आत रेघा मारून केलेले गुणतक्ते. निम्मे माझ्या हातचे, निम्मे दुसऱ्या एका हातचे. त्या दुसऱ्या हाताची ही गोष्ट आहे.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. (पुण्यात आणि परदेशात राहणारी आमची भाचेमंडळी हा परिच्छेद गाळू शकतात.) आमचं गाव कुस्तीचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण इथल्या तालमींनी लाल मातीइतकंच प्रेम फुटबॉलवर केलं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही नावं ऐकून पाहुण्यांना पैलवान आठवतात, आम्हाला फुटबॉलचे संघ आठवतात. पावसाळा सरला की शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि पेठापेठांतून माणसं लोटतात. मी बावड्याचा, म्हणजे पेठांच्या दृष्टीनं नदीकाठचा ऊसवाला. तरी सायकल मारत सामन्याला जायचो. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म आमच्या कसबा बावड्यातला, १८७४ सालचा. त्यामुळे कोल्हापूरच्या कुठल्याही खेळावर आपला थोडा हक्क आहे, असं बावडेकर मनात धरून असतात!

आता देशाचं पाहू. भारतात फुटबॉलच्या स्पर्धा कमी कधीच नव्हत्या. ड्युरँड १८८८ पासूनची, मुंबईचा रोव्हर्स १८९१ पासूनचा, संतोष ट्रॉफी १९४१ पासूनची, फेडरेशन चषक १९७७ पासूनचा. पण यांतल्या चषकांचा कल बाद पद्धतीकडे. एक दिवस वाईट गेला की सामान बांधायचं. देशभरातल्या क्लबांनी एकमेकांच्या मैदानावर जाऊन खेळावं, महिनोन्‌महिने गुण जमवावेत आणि शेवटी तक्त्यात वर असेल तो विजेता, अशी राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडलं. मी मुलांना सांगायचो, बाद स्पर्धा म्हणजे तोंडी परीक्षा आणि लीग म्हणजे वर्षभराचं प्रगतिपुस्तक. पहिल्यात नशीब चालतं, दुसऱ्यात सातत्य लागतं.

ही लीग अकरा हंगाम चालली. पहिलं विजेतेपद १९९६-९७ मध्ये पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सनं मिळवलं. पुढं मोहन बागान तीनदा, ईस्ट बंगाल तीनदा, गोव्याचा साळगावकर एकदा आणि धेंपो दोनदा. बेरीज करून बघा: कोलकाता सहा, गोवा तीन, पंजाब एक. झाले दहा. उरलेला एक हंगाम, २००५-०६ चा, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला तेवढा एकच.

हा क्लब कंपनीचा. १९६२ मध्ये सुरू झालेला. युनायटेड हे नाव त्यानं २००० मध्ये घेतलं. खेळायचा कुलाब्याजवळच्या कूपरेज मैदानावर. त्या हंगामात प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. पुढच्या फळीत ब्राझीलचा बरेटो आणि घानाचा याकुबू, बाजूच्या पट्टीतून धावणारा मुंबईचाच स्टीव्हन डायस. २००५ चा फेडरेशन चषकही त्यांनीच जिंकला होता. ईस्ट बंगाल दुसरा आणि मोहन बागान तिसरा, म्हणजे कोलकात्याच्या दोन्ही दादांना मागं टाकून मुंबईचा संघ वर बसला.

आणि कोल्हापुरात? खोटं कशाला बोलू, फारशी चर्चा नव्हती. आमच्याकडं पेठेच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसे, आणि जूनमध्ये विश्वचषक आला की गल्ल्या ब्राझील-अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी रंगत. २००६ लाही तसंच झालं. झिदाननं डोकं मारलं ते इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. मधला मजला मात्र रिकामा. पेठ आणि जग यांच्यामध्ये देश नावाची पायरी असते, ती आमच्या डोळ्यांना दिसत नव्हती.

ती पायरी ज्याला दिसत होती, तो माझा विद्यार्थी. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. दहावीला माझ्या वर्गात होता. मराठीत काठावर पास, पण मधल्या फळीत चेंडू आला की सगळ्या संघाचं व्याकरण हाच बांधणार. पुढं पेठेच्या एका संघातून खेळू लागला. २००५ च्या दिवाळीनंतर तो घरी आला. मुंबईतल्या एका कंपनीच्या संघानं चाचणीला बोलावलं होतं. दोन महिने राहायचं, खेळून दाखवायचं, आवडला तर करार. नोकरीचा शब्द नाही. त्याच आठवड्यात इथं एका ठिकाणी शिपायाची कायम जागा मिळत होती. वडील अंथरुणावर, धाकटी बहीण लग्नाची.

"सर, काय करू सांगा. तुम्ही म्हणशीला तसं."

मी एक रात्र मागितली नाही. चहा निवायच्या आत सांगून टाकलं, "कायम नोकरी सोडू नये. खेळ काय, इथंही खेळता येतो." छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी असे सल्ले ढिगानं दिले असतील. तो "बरं सर" म्हणाला आणि उठला.

वहीची कल्पना त्याची. जानेवारीत लीग सुरू झाली तेव्हा म्हणाला, "जाता नाही आलं, निदान हिशेब तरी ठेवूया." वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत निकाल येई. रविवारी तो बावड्याला यायचा, आम्ही ओसरीवर बसून तक्ता लिहायचो. दोन गुणांचा फरक, एका गोलाचा फरक. मला वाटायचं, पोरगं रमलंय. उन्हाळ्यात महिंद्राचं विजेतेपद नक्की झालं, त्या रविवारी त्यानं शेवटचा तक्ता स्वच्छ अक्षरात लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, "मुंबईचा संघ जिकला सर. आता वही बंद करूया." त्याला बोलावणारी कंपनी ती नव्हती. पण पहिल्यांदा मुंबईवरून कोलकात्याला हरवायला जाता येतं, हे त्या वर्षी सिद्ध झालं होतं, आणि तो इथं टेबलांवरच्या फायली हलवत होता. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. २००६-०७ नंतर ही लीग संपली, २००७ पासून तिच्या जागी आय-लीग आली. २००९-१० च्या हंगामानंतर महिंद्रानं संघच बंद केला. विजेतेपदाला जेमतेम चार वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी जेसीटीनंही दार लावलं. ज्यांनी पहिली लीग जिंकली तेच उरले नाहीत. पुण्यात २००७ मध्ये पुणे एफसी निघाला, डेरिक परेरा काही वर्षं तिथं प्रशिक्षक होते. २०१२-१३ मध्ये तो आय-लीगमध्ये दुसरा आला आणि नंतर दोन-तीन वर्षांत तोही मावळला. २०१६ मध्ये साळगावकर आणि धेंपो या गोव्याच्या मातब्बरांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं.

महिंद्राची बातमी २०१० मध्ये वाचली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. पहिली भावना काय आली सांगू? सुटल्यासारखं वाटलं. 'बघ, मी म्हणत नव्हतो? गेला असतास तर आज रस्त्यावर असतास!' हे वाक्य ओठावर घेऊनच मी त्याला फोन लावणार होतो. मग लाज वाटली. इतक्या खेळाडूंच्या पोटावर पाय आला होता, आणि मी माझ्या सल्ल्याला पुरावा मिळाला म्हणून खूश होत होतो. इतिहास शिकवताना मी पोरांना सांगत असे की नंतर जे घडलं त्यावरून आधीच्या माणसाचा न्याय करू नये. २००५ मध्ये मला २०१० दिसत नव्हतं. मला फक्त भीती दिसत होती, आणि ती माझी होती, त्याची नव्हती.

आणि दार कायमचं लागलंही नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, पुढं जमशेदपूरकडून इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. मुंबई सिटीनं २०२०-२१ मध्ये सुपर लीग जिंकली. मधल्या मजल्यावर आता आमच्याही पोरांची पावलं वाजतात.

वही सापडली म्हणून त्याला फोन केला. संध्याकाळी आला. चाळिशी ओलांडली, पोट सुटलंय, नोकरी शाबूत. बहिणीचं लग्न त्याच पगारावर झालं, हेही खरं. वही चाळत बसला आणि मग हळूच म्हणाला, थोरली लेक फुटबॉल खेळते. पुण्याला निवडीसाठी न्यायचं म्हणतात, पण दहावीचं वर्ष आहे. "काय करू सर?"

वीस वर्षांनी तोच प्रश्न, त्याच ओसरीवर. या वेळी मी चहा निवू दिला. म्हटलं, "क्लब उघडतात, बंद पडतात, ते तिला सगळं सांग, लपवू नको. दहावी पुढच्या वर्षीही देता येते, हेही सांग. पण एक रात्र दे तिला. आणि उत्तर तिचं तिला देऊ दे."

तो हसला. "तुमी मला रात्र न्हवती दिली, सर."

"नव्हती दिली," मी म्हणालो. "चुकलंच माझं."

वही तो घेऊन गेला. निवड पुढच्या महिन्यात आहे. लेकीनं काय ठरवलं ते अजून कळलेलं नाही.