ओआर७डी४
मानवी नाकातील एक गंधग्राही प्रथिन व ते निर्माण करणारे, १९ व्या गुणसूत्रावरील जनुक यांना ही संज्ञा लावतात. नर डुकराच्या लाळेत विपुल व माणसाच्या घामात अल्प प्रमाणात असणारे अँड्रोस्टेनोन हे स्टेरॉइड काहींना मूत्रासारखे उग्र, काहींना गोडसर वाटते, तर काहींना त्याचा वासच येत नाही. एकयुग्मज जुळ्यांत याबाबत असणाऱ्या साम्यावरून हा भेद आनुवंशिक असल्याचे सी. जे. वायसॉकी यांनी एका सहकाऱ्यासह १९८४ मध्ये दाखविले. परंतु जनुक अज्ञात होते. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहींचे जनुककुल शोधून काढले (नोबेल पारितोषिक, २००४) आणि मार्ग मोकळा झाला. ए. केलर, एच. मात्सुनामी, लेस्ली व्हॉसहॉल इत्यादींनी २००७ मध्ये ओआर७डी४ हे अँड्रोस्टेनोनाला प्रतिसाद देते, असे सिद्ध केले. याच्या एका प्रकारात ८८ व्या स्थानी आर्जिनिनाऐवजी ट्रिप्टोफेन व १३३ व्या स्थानी थ्रिओनिनाऐवजी मिथिओनिन असते. एवढ्या बदलाने प्रतिसाद फार क्षीण होतो व अशा व्यक्तींना तो वास सामान्यतः कमी उग्र वाटतो. ग्राहीची रचना व प्रत्यक्ष गंधानुभव यांची मानवात सांगड घालणारा हा पहिला पुरावा होय. मात्र सर्व काही जनुकावर सोपविणे घाईचे ठरेल; वास न येणाऱ्या काहींना अँड्रोस्टेनोन वारंवार हुंगविल्यावर तो येऊ लागल्याचे वायसॉकी व सहकाऱ्यांनीच १९८९ मध्ये नोंदविले आहे.