दीडशे रुपयांची वारली

दिवाळीत मेलबर्नचा भाचा द्वारकेला आमच्या घरी येऊन गेला. दिवाणावर लोळता लोळता त्याचं लक्ष भिंतीवरच्या वारली चित्राकडे गेलं. म्हणाला, "मामा, हे विकलं तर किती येतील?"

"दीडशेला घेतलंय," मी म्हटलं. "दोनशे सांगत होते."

मग त्याने तिकडची गोष्ट सांगितली. क्लिफर्ड पॉसम या आदिवासी चित्रकाराचं 'वार्लुगुलाँग' (ऐकताना मला आधी वारलीच वाटलं!) हे १९७७ चं चित्र एका बँकेने १२०० डॉलरला घेतलं, कॅन्टीनमध्ये टांगलं. २००७ च्या लिलावात ते २४ लाख डॉलरला गेलं. चित्रकार २००२ सालीच गेला होता.

तो परतला, पण मी वाचत बसलो. त्या वाळवंटी चित्रांना चालना दिली ती १९७१ साली, पापुन्याच्या शाळेतल्या जेफ्री बार्डन या मास्तराने. आमच्या जातकुळीतला माणूस! साधारण त्याच काळात आपल्याकडे भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन हिंडत होते. तोवर वारली चित्र ही विकायची वस्तूच नव्हती. लग्नघरी सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहायचा, मधोमध पालघाट देवी. लग्न लागलं की चित्राचं काम झालं. कागदावर आलं तेव्हा त्याला किंमत आली, आणि किंमत नावाला चिकटली. जिव्या सोमा मशे हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी काय पाहायचं, तेही समजलं. दुकानातल्या चिठ्ठीवरचा भाव नव्हे, तर त्याच चित्रकाराची त्याच आकाराची चित्रं लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते. शिवाय सही, साल, पावती, आधीचा मालक कोण. वारलीला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यावरून हात कोणाचा ते कळत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आलं आहे: मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. ऑस्ट्रेलियात असा पाच टक्क्यांचा नियम २०१० पासून आहे. पण वाटा द्यायचा तर नाव नको का?

फ्रेम उतरवून मागे पाहिलं. सही नाही, पावती नाही. प्रदर्शनात एक मुलगा विकायला बसला होता, शेजारी त्याची आई खाली मान घालून दुसरं चित्र काढत होती. मी मुलाशी घासाघीस केली. तीस वर्षं रोज सकाळी नावं पुकारून हजेरी घेणारा मी, त्या बाईला नाव विचारलं नाही.

फ्रेमच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं: 'नाशिक, १९८६. सांगितले दोनशे, दिले दीडशे.' आणि चित्र पुन्हा खिळ्याला लावलं.