लंगोटी: कापड तेच, अर्थ किती?

‘पुरुषांची अंतर्वस्त्रं’ हा संशोधनाचा विषय आहे असं सांगितलं की आधी हशा पिकतो. पण आपल्याकडच्या लंगोटीचाच इतिहास बघा. हातभर चिंधी, आणि तिला चिकटलेले अर्थ मात्र एकमेकांच्या थेट उलट.

मुंजीत बटूला मेखला आणि दंडाबरोबर कौपीन, म्हणजे लंगोटी देतात. ती ब्रह्मचर्याची खूण, पण मुदतीची. सोडमुंज झाली की लंगोटी सुटते, धोतर येतं. तालमीत हाच अर्थ आणखी कडक होतो. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांवर ‘द रेसलर्स बॉडी’ (१९९२) हे पुस्तक लिहिलं. पैलवानाच्या लेखी वीर्य राखणं म्हणजे ताकद राखणं, हे त्यात सविस्तर येतं. ‘लंगोटाचा पक्का’ हे आपण चारित्र्याबद्दल म्हणतो, कापडाबद्दल नव्हे!

उलट ‘अंगावर फक्त लंगोटी उरली’ म्हणजे माणूस देशोधडीला लागला. शेतात राबणाऱ्या मजुराची लंगोटी व्रत दाखवत नाही. धोतराला पैसे नाहीत एवढंच दाखवते.

सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी या दोन अर्थांची गाठ मारली. खादी गरिबांना परवडत नाही, हे त्यांना लोकांकडून ऐकायला मिळत होतं. त्यांनी सदरा-टोपी सोडली. सुरुवातीला घोषणा ३१ ऑक्टोबरपर्यंतचीच होती, पण तो वेश जन्मभर राहिला. १९३१ साली चर्चिलने त्यांना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवलं. त्याला उघडं अंग तेवढं दिसलं.

इथे एक सावधगिरी. गांधीजी नेसत तो आखूड पंचा, लंगोटी नव्हे. इंग्रजी साधनांत मात्र दोन्हींना ‘लॉइनक्लॉथ’ हा एकच शब्द सापडतो. त्यावर विसंबलात तर बटू, पैलवान, मजूर आणि गांधीजी एकाच रांगेत उभे राहतील.

माझ्या मते विचारायला हवं ते हे, की नेसणाऱ्यापुढे दुसरं वस्त्र होतं का? बटूसाठी धोतर ठरलेलंच असतं. पैलवान आखाड्याबाहेर अंगभर कपडे घालतो. गांधीजींनी होतं ते टाकलं. मजुराकडे टाकायला काही नव्हतंच, आणि त्याने स्वतःच्या लंगोटीबद्दल लिहून ठेवलेलं फारसं मिळत नाही. त्याच्याबद्दल लिहितात ते इतर लोक. उदाहरणार्थ, १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जातवार पोशाखाची वर्णनं आहेत. ती वाचताना कुणाच्या अंगावर काय नोंदवलंय याइतकंच, नोंदवणारा कोण होता हेही वहीत टिपून ठेवा.